ताबोताचे दर्शन

परमुलखातून परतलेल्या माणसास आपल्याकडे पहिला प्रश्न 'काय काय पाहिले?' असा विचारला जातो, आणि त्या प्रश्नाच्या तळाशी नुसते कुतूहल नसून एक संपूर्ण धर्मकल्पना दडलेली आहे, हे ध्यानात येण्यासाठी मला इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे जानेवारीचे चार दिवस काढावे लागले. देवळातून बाहेर पडणारा मनुष्य 'देव पाहिला' असे म्हणत नाही, 'दर्शन झाले' असे म्हणतो. म्हणजे ही क्रिया आपल्या कर्तृत्वाची नव्हे, ती कोणाच्या तरी कृपेने घडली, अशी कबुली तो देऊन टाकतो. तथापि डोळ्यांवाचून ती घडू शकेल असे मात्र त्यास स्वप्नातही वाटत नाही. पंढरीच्या बारीत तिष्ठणारा वारकरी विठोबाच्या पायांवर मस्तक टेकावयास मिळाले नाही तर मुखदर्शनावर समाधान मानतो, तेही न मिळाल्यास कळसास हात जोडून गावाकडे वळतो. परंतु काही तरी दृष्टीस पडले पाहिजे, हा त्याचा आग्रह शेवटपर्यंत सुटत नाही. अशा संस्कारात वाढलेला मी, प्रेक्षणीय स्थळांची यादी उतरलेली वही खिशात घालून त्या शहरात दाखल झालो, आणि त्या शहराने आपल्याजवळच्या सर्वांत मोलाच्या वस्तूंपैकी जवळजवळ एकही मला दाखविली नाही.

शहर तसे जुने नव्हे. त्या वेळी शेवा प्रांताचा राजा असलेल्या आणि पुढे सम्राट झालेल्या मेनेलिकाची राणी ताइतू हिने, एन्टोटो डोंगरावरच्या बोचऱ्या थंडीस कंटाळून, डोंगराखालच्या उष्ण पाण्याच्या झऱ्यांजवळ १८८६ साली वस्ती करविली आणि तिला 'नवे फूल' या अर्थाचे नाव दिले. पुढे आसपासचे सरपण संपल्यामुळे ही राजधानीही उठवावी लागणार असा रंग दिसू लागला, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या निलगिरीने तिला वाचविले, आणि एन्टोटोचा उतार आजही त्या झाडांच्या उग्र वासाने भरलेला असतो. कळसूबाईच्या माथ्याहूनही कितीतरी उंचावर, समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांहून अधिक उंचीवर हे नगर वसलेले असल्यामुळे दोन चढ चढताच छाती भरून येते. येथील लोकांचे वर्ष तेरा महिन्यांचे असून ते आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते, आणि दिवसाचे तास ते सूर्योदयापासून मोजतात. वाटाड्याने 'तीन वाजता येतो' म्हटले म्हणून मी पहिल्या दिवशी दुपारच्या बेताने निश्चिंत बसलो आणि तो सकाळी नवालाच दारात उभा राहिला! ज्याच्या आजोबांनी उदयापासून घटका-पळे मोजून मुहूर्त काढले, त्याने यावर हसण्याचे खरे पाहता कारण नव्हते.

परकेपणाही वाटतो तितका नव्हता. हे लोक स्वतःस 'हबेशा' म्हणवितात, आणि त्याच शब्दाचा 'हबशी' आपल्या बखरींतून आणि दफ्तरांतून शेकडो ठिकाणी आलेला आहे. गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत पोहोचलेला, निजामशाहीचा वजीर झालेला आणि खडकी नावाचे शहर वसवून जमीनमहसुलाची पद्धत लावून देणारा मलिक अंबर हा याच मुलखातला. त्याच्या धाऱ्याची आठवण आपल्या कुळांनी त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली. त्याच्या जन्मभूमीची आठवण ठेवणारे मात्र आपल्यात थोडेच. बुधवारी उपवासाचे म्हणून जे ताट पुढे आले त्यातल्या पदार्थाचे नाव 'शिरो' असे ऐकून मी गोडाची अपेक्षा केली, आणि घास घेतल्यावर कळले की हे तर आपले पिठले.

वहीतील पहिले नाव राष्ट्रीय संग्रहालयाचे होते. १९७४ च्या नोव्हेंबरात अफार प्रदेशातील हदार येथे सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या एका मानवसदृश स्त्रीच्या सांगाड्याचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग मिळाला. जगाने तिला 'लूसी' म्हटले, इथिओपियाने 'दिन्कनेश', म्हणजे 'तू अद्भुत आहेस', असे नाव दिले. संग्रहालयाच्या तळघरात काचेच्या पेटीसमोर मी उभा राहिलो, तेव्हा उंचीने साडेतीन-चार फुटांची, परंतु दोन पायांवर चालणारी ही आपली पूर्वजा असू शकेल या विचाराने माझे मन इतके नम्र झाले की एखाद्या पिंडीपुढे उभे राहावे तसे माझे हात आपोआप जुळले. त्यानंतर वाटाड्याने शांतपणे सांगितले की ही हाडे नव्हेत, ही प्रतिकृती आहे. मूळ अस्थी येथेच, पण कुलुपात असतात. मी जोडलेले हात गुपचूप खिशात घातले.

नंतर रात्री त्या ओशाळलेपणाचा विचार करता करता मला माझेच नवल वाटू लागले. आकार तोच, मापे तीच, हाडाची चीर न चीर तीच. अभ्यासकास जे ज्ञान मूळ अस्थींपासून मिळावयाचे त्यातील बहुतेक या साच्यापासूनही मिळते. मग उणे काय पडले? उणा पडला तो केवळ एक संबंध: 'तीच ही' असे म्हणण्याचा अधिकार. पण हा अधिकार तर शास्त्राचा नव्हे, तो तीर्थक्षेत्राचा. ज्या विसाव्या शतकाने संतांच्या दातांची आणि केसांची पूजा भाबडेपणाची ठरविली, त्यानेच ही हाडे तिजोरीत ठेवून त्यांना नेमके तेच स्थान दिले. आणि देव्हाऱ्यातील कुलदैवताच्या टाकापुढे रोज गंधफूल वाहताना जेजुरीचा खंडोबा जेजुरीसच आहे, हा नुसता पत्रा आहे, अशी शंका जिला आयुष्यात शिवली नाही ती माझी आजी या बाबतीत माझ्याहून अधिक निश्चिंत होती. काचेपुढे शाळेच्या मुलींची एक रांग उभी होती, आणि प्रतिकृती आहे हे ठाऊक असूनही त्यांच्या विस्मयात काही कमी दिसत नव्हते.

दुसरे नाव संत जॉर्जच्या देवालयाचे. १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे मेनेलिकाच्या फौजेने इटलीच्या सैन्याचा पुरता मोड केला, त्या विजयाचे स्मारक म्हणून हे अष्टकोनी मंदिर उभे राहिले. रणांगणावर तोफा आणि बंदुकांबरोबर संत जॉर्जचा ताबोतही नेलेला होता. हा ताबोत म्हणजे काय, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेले आज्ञापट ज्यात ठेवले होते तो कराराचा कोश, शलमोन राजा आणि शेबाची राणी यांचा पुत्र पहिला मेनेलिक याने यरुशलेमेहून इथिओपियात आणला आणि तो आजही अक्सुम येथे आहे, अशी या लोकांची दृढ श्रद्धा असून 'केब्रा नगस्त' या त्यांच्या ग्रंथात ती कथा विस्ताराने आली आहे. अक्सुमच्या त्या कोशापाशी एकच संन्यासी आमरण तैनात असतो. त्याच्याखेरीज कोणास आत मज्जाव. आणि देशातील प्रत्येक देवालयाच्या सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, त्या आज्ञापटांचे प्रतिरूप म्हणून, लाकडाची किंवा दगडाची एक फळी वस्त्रात गुंडाळून ठेवलेली असते. तिचे नाव ताबोत. ताबोत आहे म्हणून ते देवालय. तो नसेल तर नुसती इमारत. पुरोहितवर्गावाचून कोणी तो पाहावयाचा नाही. म्हणजे ज्याचे हे प्रतिरूप ते मूळ कोणी पाहिलेले नाही, आणि प्रतिरूपही कोणी पाहत नाही; तरी या दुहेरी पडद्यामागच्या वस्तूवर सोळा शतकांचा एक धर्म स्थिर उभा आहे.

शब्द ऐकताच मी चमकलो होतो, आणि वाचकही चमकला असेल. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला 'ताबूत' हा याच शब्दाचा सख्खा भाऊ. दोहोंचा अर्थ मुळात पेटी. कुराणातही कराराच्या कोशास हाच शब्द योजला आहे. आपल्याकडे मोहरमात मिरवतात ते ताबूत करबल्याच्या हुसेनाच्या कबरीची प्रतिरूपे. सांगलीकडे कडेगावात तर ते कित्येक मजल्यांच्या उंचीचे करून गावोगावच्या हिंदू-मुसलमानांसमक्ष भेटवितात. पुष्कळ ठिकाणी ताबूत शेवटी पाण्याकडे नेऊन थंडे करतात. अदिस अबाबातही तिम्कतच्या सणाला, येशूच्या बाप्तिस्म्याच्या स्मरणार्थ, गावातील ताबोत पाण्याकडेच निघतात. आपला ताबूत उघडा, कागदी, भिंगाभिंगांनी चमकणारा, डोळ्यांसाठीच केलेला. त्यांचा ताबोत झाकलेला. एका शब्दाला फुटलेल्या या दोन फांद्या मला पुढील दोन दिवस सुचू देईनात.

१८ जानेवारीच्या दुपारी जान मेदाच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी उभा होतो. पांढऱ्या शुभ्र सुती वस्त्रांचा पूर लोटलेला. कलाबतूच्या छत्र्यांखाली एकेक पुरोहित जरीवस्त्रात गुंडाळलेला आपापल्या मंदिराचा ताबोत मस्तकावर घेऊन इतक्या मंद गतीने चालत होता की तो चालत नसून रस्ताच त्याच्याखालून सरकत आहे असे वाटावे. पुढे तरुण पोरे गालिचे अंथरीत आणि मागचे गुंडाळून पुन्हा धावत पुढे आणीत; आपण ज्यास पायघड्या म्हणतो त्याच त्या. नगाऱ्यासारखे ढोल, टाळांच्या जातीची पितळी वाद्ये आणि बायकांचा जिभेने काढलेला तो कंपित जयघोष. ताबोत समोर आला की माणसे वाकत, काही गुडघे टेकीत, आणि एक गोष्ट माझ्या मनात कायमची रुतली: जवळजवळ सर्वांच्या नजरा जमिनीकडे होत्या. आपल्या पालखीपुढे माना उंचावतात, येथे त्या खाली गेल्या. त्या गर्दीत त्या वस्त्राकडे टक लावून पाहणारा बहुधा मी एकटाच होतो.

देवालयाच्या आवारातील एका वृद्ध रखवालदारास मी वाटाड्याकरवी विचारले होते की, इतकी वर्षे येथे काढली, एकदा तरी आतील वस्तू पाहावी असे कधी वाटले नाही का? त्याने उत्तर दिले नाही; माझ्या पायांकडे पाहिले. बोलण्याच्या भरात उंबऱ्यापर्यंत आलो तरी मी जोडे काढावयास विसरलो होतो.

आता कोणी म्हणेल, आणि मीही माझ्याशी हा वाद केला, की हे सारे पुरोहितांचे कारस्थान होय. वस्तू दडवावी, भोवती भय वाढवावे, आणि मग त्या भयाचे उत्पन्न खावे. आपल्या इतिहासात या आक्षेपास बळकटी देणारे पुरावे थोडेथोडके नाहीत. चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर आहे ती काही सौंदर्यदृष्टीने बांधलेली नाही. आणि १९४७ साली पंढरपूरचे दार हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले, ते पावित्र्य या शब्दाच्या आड दडलेल्या वहिवाटीविरुद्धच. परंतु नीट पाहता पंढरपुरात देव झाकलेला नव्हता. तो उघडा होता, आणि काहींना दाखवून काहींना नाकारला जात होता. अन्याय नाकारण्यात होता. ताबोताचा पडदा मात्र शेतकरी, व्यापारी, सरदार या साऱ्यांवर सारखाच आहे. पुरोहितापुरते अंतर उरतेच, आणि ते मला आजही खुपते. पण ज्यांनी पडदा घातला तो मुख्यतः स्वतःच्याच डोळ्यांवर घातला, ही गोष्ट मला निर्णायक वाटते. जगन्नाथपुरीस नवकलेवराच्या रात्री जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवणारा सेवक डोळ्यांवर पट्टी बांधून आणि हातांना वस्त्र गुंडाळून ते काम करतो. ज्याच्या हाती वस्तू आहे त्यानेही ती पाहू नये, हा तेथला शिरस्ता. अर्जुनाने विश्वरूप पाहण्याचा हट्ट धरला आणि पाहताच आपले ओळखीचे चतुर्भुज रूप परत मागितले, ही गीतेच्या अकराव्या अध्यायातील घटना दर्शनभक्तांनी या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे.

तथापि झाकणे ही क्रिया सदैव अशी सात्त्विक नसते, हे त्याच शहराने मला दुसऱ्या दिवशी दाखविले. पवित्र त्रैक्याच्या भव्य देवालयात सम्राट हैले सेलासी याचे दगडी थडगे आहे. १९३० साली संत जॉर्जच्या मंदिरात मुकुट धारण केलेला हा राजा १९७४ मध्ये लष्कराने पदच्युत केला, आणि पुढल्या वर्षी कैदेत वारला. आजाराने गेला असे जाहीर झाले, परंतु त्यावर विश्वास ठेवणारे फार थोडे होते. त्याचा देह सतरा वर्षे कोणास सापडला नाही. १९९२ मध्ये राजवाड्याच्याच आवारात जमिनीखालून त्याच्या अस्थी काढण्यात आल्या आणि नोव्हेंबर २००० मध्ये येथे त्यांचे दफन झाले. (जमैकात या राजास ईश्वर मानणारा पंथ आहे, त्यांतील पुष्कळांनी या अस्थी त्याच्या म्हणून मानल्याच नाहीत, कारण ईश्वर मरतो हेच त्यांस मान्य नव्हते. पुराव्याने श्रद्धा सिद्धही होत नाही आणि मोडतही नाही, असे म्हणावे काय?) येथे ज्याने झाकले त्यास आत काय आहे हे पक्के माहीत होते. त्याने आपल्या डोळ्यांवर काही घातले नाही. दुसऱ्यांच्या डोळ्यांत माती घातली.

त्याच लष्करी राजवटीने १९७७-७८ च्या सुमारास 'लाल दहशत' या नावाने जो संहार केला, त्याचे स्मारक मेस्केल चौकाच्या कडेला २०१० पासून उभे आहे. चौकात रक्तासारख्या लाल द्रवाने भरलेल्या बाटल्या फोडून हुकूमशहाने त्या संहाराची द्वाही फिरविली होती. स्मारकात शिरलो तेव्हा या शहरात प्रथमच मला मूळ वस्तू दिसल्या. काचेच्या कपाटांत कवट्या, हाडे, कुजलेले कपडे. त्यांच्याशेजारी कॉलेजातल्या पोरांची हसरी छायाचित्रे. येथे प्रतिकृती नाही, वस्त्र नाही, पडदा नाही. दिन्कनेशपुढे जुळलेले हात येथे जुळेनात, आणि मान खाली घालावी तर त्या पोरांकडे पाठ फिरविल्यासारखे वाटे. पाहणे हेच येथले एकमेव कर्तव्य होते. याच चौकात सप्टेंबराच्या अखेरीस मोठी होळी पेटवून मेस्केलचा सण करतात: धुराने दाखविलेल्या खुणेवर खणून हेलेना राणीने पुरलेला क्रूस शोधून काढला, त्याचा हा उत्सव. पुरलेले खणून काढावे हेही या धर्मास ठाऊक आहे. काय झाकावे आणि काय उघडे करावे, याची जाण शास्त्रार्थाने येत नसून झाकणाऱ्याचा हेतू आणि हक्क पाहून येते, एवढे मला तेथे कळले.

हक्काची गोष्ट निघाली आहे तर एक हिशेब आपल्या दारातलाही मांडला पाहिजे. सम्राट तेवोद्रोस याने काही युरोपीय लोकांस कैदेत ठेवल्याच्या कारणावरून इंग्रज सरकारने १८६७-६८ मध्ये इथिओपियावर जी मोहीम काढली, ती प्रामुख्याने मुंबई बंदरातून निघाली. सेनापती नेपियर हा मुंबईच्या फौजेचा मुख्य. सुमारे १३,००० सैन्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी, आणि तोफा वाहावयास येथूनच गलबतांवर चढविलेले हत्ती. तेवोद्रोसाचा मग्दलाचा किल्ला पडला, त्याने आत्महत्या केली, आणि तेथील देवालयातील पोथ्या, क्रूस, मुकुट व ताबोत यांची लूट हत्ती-खेचरांच्या पाठीवर लादून खाली आणली गेली. त्या लुटीत मुंबई इलाख्यातल्या शिपायांचा वाटा मालकीचा नव्हता, हे खरे. हमालीचा मात्र होता.

ब्रिटिश म्यूझियममध्ये आजमितीस अकरा ताबोत आहेत, आणि त्यांतील बहुतेक त्या लुटीतले. इथिओपियाच्या श्रद्धेचा मान राखावा म्हणून ते एका बंद खोलीत ठेवले आहेत. संस्थेचे अभ्यासकही ते पाहत नाहीत, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होत नाहीत. संग्रहालय हे दाखविण्यासाठी असते. ज्या वस्तू तेथे दाखवावयाच्या नाहीत, अभ्यासावयाच्या नाहीत, ज्यांकडे कोणी डोळा उचलून पाहावयाचे नाही, त्यांचे तेथे असणे कशासाठी? संग्रहातील वस्तू काढून देण्यास १९६३ चा कायदा आड येतो, असे उत्तर मिळते. माझे मत विचाराल तर आदराचे सोंग आणून कुलपाची किल्ली स्वतःकडे ठेवणे यापेक्षा त्या वस्तू उघड्या मांडणे अधिक प्रामाणिकपणाचे झाले असते, आणि परत देणे हेच काय ते उचित.

एडिंबरो येथील एका चर्चच्या कपाटात मग्दलाचा असाच एक ताबोत पडून होता. तो ओळखला गेल्यावर त्या मंडळीने आपण होऊन २००२ साली तो परत पाठविला. त्याच्या स्वागतास अदिस अबाबात हजारो लोक लोटले होते. ताबोत वस्त्रात गुंडाळलेला होता. त्यांच्यापैकी कोणीही तो पाहिला नाही.